आधी पाणी, मग माती : कॉलेजची मुलं आणि सोसायटी मिळून गच्चीवर भाजी लावताना

ऐरोली, कोपरखैरणे, नेरुळ, नाहीतर ठाण्यातलं वर्तकनगर. जुलैत एन.एस.एस.ची (राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं सोसायटीत येतात, गच्ची झाडली जाते, मातीच्या गोणी चढतात, फोटो निघतात. मे महिन्यात त्याच गच्चीवर वाळलेल्या काड्यांची कॅरेट उरतात आणि वॉचमन त्यांत रिकाम्या बाटल्या ठेवतो. उत्साह कमी पडलेला नसतो, क्रम उलटा झालेला असतो. माती पहिल्या आठवड्यात येते, परवानगी दुसऱ्या महिन्यात आठवते, आणि पाणी रोज कोण घालणार हा प्रश्न परीक्षा सुरू झाल्यावर पडतो.

खालचा क्रम ३० फ्लॅटची एक सोसायटी, १० ते १२ विद्यार्थी आणि पहिल्या वर्षी फक्त २४ कॅरेट (सोन्याशी संबंध नाही, टोमॅटो येतात ती प्लास्टिकची) एवढ्यासाठी आहे. शंभर कॅरेटचा मोह पहिल्या वर्षी टाळा. २४ हा आकडा कुठून आला, ते खताच्या टप्प्यावर कळेल.

वेळेचं गणित असं : जुलै आणि ऑगस्टची सुरुवात माणसं, जागा, परवानगी आणि पाणी यांसाठी. ऑगस्टच्या मध्यापासून खत. पेरणी दिवाळीनंतर, दुसरं सत्र सुरू झाल्यावर. जुलैत काहीच लावायचं नाही म्हटल्यावर मुलं हिरमुसतात. हिरमुसू द्या.

## टप्पा १ : दारोदार जा आणि मे महिन्याचं विचारा

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘कोणाकोणाला आवडेल?’ असं विचारलं की तीस अंगठे येतात. त्या अंगठ्यांनी पाणी घातलं जात नाही. दोघादोघांनी प्रत्येक घरी जायचं, शक्यतो रविवारी सकाळी दहा ते बारा, आणि तीनच प्रश्न विचारायचे :

१. काकू, गच्चीवर मेथी-पालक लावला तर आठवड्यातला एक दिवस पाणी तुम्ही घालाल का? कोणता दिवस?
२. मे महिन्यात तुम्ही गावी जाता का? किती दिवस?
३. घरात कोणी शेती केलेली आहे का?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ठाणे-नवी मुंबईतली निम्मी सोसायटी मे महिन्यात कोकणात किंवा घाटावर असते, आणि मुलांची परीक्षा संपून तीही घरी गेलेली असतात. बाग मरते ती याच चार आठवड्यांत.

तिसऱ्या प्रश्नाला उत्तरं हमखास मिळतात. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत साताऱ्याकडची, पाटणकडची माणसं आहेत. गावठाणांतल्या आगरी आज्यांनी भात, वाल, माठ स्वतः पिकवलेला आहे. अशा एका आजीला पहिल्या बैठकीत खुर्ची द्या आणि मुलांना खाली बसवा. सादरीकरणाचा पडदा नंतर लावा.

तपासा : आठवड्याचा प्रत्येक वार घेणारं एक घर, म्हणजे सात रहिवासी, आणि त्यांतले किमान दोन मे महिन्यात इथेच राहणारे. एवढे नसतील तर पुढचा टप्पा सुरू करू नका. सोसायटी बदलली तरी चालेल.

## टप्पा २ : जागा — ऊन, वजन, गळती

ऊन. सकाळी ९, ११, १, ३ आणि ५ वाजता गच्चीचा किंवा तळमजल्याच्या मोकळ्या पट्ट्याचा फोटो एकाच कोपऱ्यातून काढा. पालेभाजीला चार तास थेट ऊन पुरतं, टोमॅटो-वांग्याला सहा लागतं. इथे एक चूक हटकून होते : पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये होते, तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पीक मात्र डिसेंबरात उभं असतं, आणि तेव्हा दुपारी बारालाही सूर्य दक्षिणेकडे झुकून साधारण ४७ अंशांवर असतो. दक्षिणेला सात मजली, म्हणजे २१ मीटर उंच इमारत असेल तर डिसेंबरात तिची दुपारची सावली उत्तरेकडे सुमारे १९ मीटर पडते. सोपा नियम : दक्षिणेची इमारत तुमच्या जागेपेक्षा जितकी उंच, जवळपास तितकं अंतर हिवाळ्यात सावलीत गेलं असं धरा.

वजन. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ (भाग २) या मानकात चालता भार (माणसं, सामान यांचं वजन) दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो धरलेला असतो. ओली बागेची माती घनमीटरला १,७०० किलोच्या आसपास भरते. सहा इंचांचा मातीचा वाफा गच्चीवर घातला की चौरस मीटरला २५० किलो झाले. म्हणून गच्चीवर मातीचे वाफे घालायचेच नाहीत.

भाजीचं कॅरेट साधारण ५४ बाय ३६ सेंटिमीटर असतं. आठ इंच भरलं तर ३९ लिटर मिश्रण बसतं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खत यांचं हलकं मिश्रण भिजल्यावर कॅरेट ३५ किलोपर्यंत जातं, निव्वळ मातीचं ६६ किलोपर्यंत. ३५ किलो धरले तरी कॅरेटच्या तळाखाली चौरस मीटरला १८० किलो येतात. शेजारी कॅरेटच्याच रुंदीची मोकळी वाट सोडली की सरासरी ९० वर उतरते. म्हणजे वाट ही केवळ चालण्यासाठी नसते. ओळी शक्यतो भिंतींच्या आणि तुळयांच्या वर घ्या, स्लॅबच्या मध्यावर नको. पाण्याचा ५०० लिटरचा पिंप मध्ये ठेवणं म्हणजे अर्धा टन एका जागी ठेवणं.

इशारा : इमारत ३० वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागून वाचा. छताच्या गिलाव्याचे पोपडे पडत असतील, सळ्या दिसत असतील, तर गच्ची सोडा आणि तळमजल्याच्या पट्ट्यात जा. आकड्यांबाबत शंका असेल तर संरचना अभियंत्याची सही घ्या. कॉलेजातल्या सिव्हिलच्या विद्यार्थ्याचा अंदाज इथे चालत नाही.

गळती. बागेवर येणारी पहिली तक्रार वरच्या मजल्याच्या छतातल्या ओलीची असते, आणि बऱ्याचदा ती ओल बागेआधीचीच असते. म्हणून एकही कॅरेट चढण्याआधी वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घराच्या छताचे फोटो तारखेसह काढून घरमालकांच्या सह्या घ्या. आधीच गळत असेल तर आधी दुरुस्ती. गच्चीच्या पावसाळी पाइपांची तोंडं मोकळी हवीत, त्यांवर जाळी हवी आणि त्यांच्या तीन फुटांत कॅरेट नको.

जमीन निवडली तर : नवी मुंबईतला बराच भाग भरावाचा आहे. वरची लाल माती चार इंच, खाली डेब्रिज, काही ठिकाणी खाडीचा खारेपणा. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी चार तासांत उतरलं नाही तर जमिनीवर चार फूट रुंद, एक फूट उंच वाफा करावा लागेल. चार फुटांपेक्षा रुंद केला तर मध्यापर्यंत हात पोचत नाही आणि मुलं वाफ्यात पाय देतात. मातीचा नमुना ८ ते १० ठिकाणांहून, सहा-आठ इंच खोलीवरून घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. अहवालात क्षारता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर दिसली तर त्या मातीत थेट पेरू नका. ठाणे-बेलापूर रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्याला लागून असलेल्या पट्टीत खायची पालेभाजी नकोच, तिथे फुलझाडं लावा.

## टप्पा ३ : परवानगी, आणि ती कागदावर

सेक्रेटरी काकांचं ‘करा रे, काही हरकत नाही’ हे सोसायटीच्या पुढच्या निवडणुकीनंतर टिकत नाही. तीन कागद लागतात.

१. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव. त्यात जागेचं मोजमाप, कॅरेटची कमाल संख्या, पाण्याचा स्रोत, गच्चीची किल्ली कोणाकडे, आणि बाग बंद झाली तर सामान कोण उचलणार हे लिहिलेलं हवं. शेवटचा मुद्दा कोणीच लिहीत नाही.
२. वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांची लेखी संमती.
३. कॉलेजचं पत्र, एन.एस.एस.च्या कार्यक्रम अधिकाऱ्याच्या सहीचं, त्यात विद्यार्थ्यांच्या येण्याच्या वेळा.

जागा सोसायटीच्या कुंपणाबाहेर असेल तर प्रकरण वेगळं. नवी मुंबईत तो तुकडा महापालिकेचा, सिडकोचा की वीजवाहिनीखालचा, हे आधी शोधा. दिसायला सगळे सारखेच पडीक दिसतात. अर्ज नवी मुंबईत विभाग कार्यालयात आणि उद्यान विभागात, ठाण्यात प्रभाग समितीत. लेखी उत्तर येईपर्यंत फावडं मारू नका. भाजी कितीही हिरवी असली तरी ती अतिक्रमणच ठरते. ऊन अडतं म्हणून झाडाची फांदी तोडणं हाही गुन्हा होऊ शकतो, राज्यात १९७५ पासून शहरी झाडांच्या जतनाचा कायदा आहे. खारफुटीच्या किंवा होल्डिंग पाँडच्या (पावसाचं-भरतीचं पाणी साठवायच्या तळ्याच्या) कडेला तर जायचंच नाही.

तपासा : तिन्ही कागदांच्या प्रती सोसायटीच्या फायलीत आणि कॉलेजात. मोबाइलमधला फोटो ही प्रत नव्हे.

## टप्पा ४ : पाणी

उन्हाळ्यात एका कॅरेटला रोज दोन लिटर धरा. २४ कॅरेटला ५० लिटर, म्हणजे तीन-साडेतीन बादल्या. हिवाळ्यात निम्मं. आकडा छोटा आहे, पण पाचव्या मजल्यावर बादल्या चढवायच्या असतील तर दुसऱ्या आठवड्यात काम बंद पडतं. गच्चीवर नळ आहे का ते पाहा. नसेल तर टाकीच्या पाइपावर एक टी (पाइपाला फाटा देणारा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. प्लंबरचं एका तासाचं काम असतं, तेही माती चढण्याआधी करायचं.

एसीचं पाणी चालतं. भाजी-तांदूळ धुतल्याचं चालतं, त्याच दिवशी वापरलं तर. आरओचं फेकलेलं पाणी क्षारांनी भरलेलं असतं. ते साध्या पाण्यात निम्मं मिसळा. पानांची टोकं तपकिरी जळायला लागली तर पूर्ण थांबवा. नाल्याचं पाणी कधीच नाही.

इशारा : कॅरेटखाली ताटल्या ठेवू नका. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्या-दहा दिवसांत तयार होतो. पिंपाला घट्ट झाकण, आणि आठवड्यातून एकदा तो पूर्ण रिकामा करून कोरडा.

## टप्पा ५ : खत इमारतीतच तयार करा

इथे घाई करणारे विकतचं खत आणतात आणि सोसायटीशी जोडणारा धागाच कापतात. ओला कचरा देणारं घर बागेला आपलं मानतं. विकतची गोणी वर चढवली की बाग मुलांची होते.

एका घरातून रोज सरासरी अर्धा किलो ओला कचरा निघतो असं धरा. तीस घरांचे १५ किलो, म्हणजे साधारण ३० लिटर. त्यात तेवढाच सुका माल घालायचा, म्हणजे रोज ६० लिटर. ढीग बसून निम्मा होतो. या हिशोबाने सव्वातीन फूट लांब-रुंद-उंच (जवळपास घनमीटरचा) एक पिंजरा महिन्याभरात भरतो. असे तीन पिंजरे हवेत : एक भरणारा, एक मुरणारा, एक उपसायचा. पिंजरा जाळीच्या विटांचा किंवा पाव इंची जाळीचा करा. मोठ्या भोकांची जाळी म्हणजे उंदरांना दार. पिंजरे तळमजल्यावर, खिडक्यांपासून लांब, वर छप्पर.

एका पिंजऱ्यातून चाळल्यावर चारशे लिटरच्या आसपास खत निघतं. २४ कॅरेटच्या मिश्रणाला ३७५ लिटर लागतं. म्हणून २४.

क्रम :

१. तळाला सहा इंच काड्या-फांद्या, हवा खेळण्यासाठी.
२. रोज एक बादली ओला, त्यावर एक बादली सुका. ओला उघडा कधी ठेवायचा नाही.
३. पहिल्या दिवशी आणि नंतर आठवड्याला जुनं खत किंवा आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडा.
४. आठवड्यातून एकदा दाताळ्याने खालीवर करा. मधोमध हात धरवणार नाही इतकं गरम लागलं तर ढीग चालू आहे. थंड राहिला तर ओला कचरा किंवा हवा कमी पडतेय.
५. भरला की तारीख लिहा आणि साठ दिवस मुरू द्या.

१० ऑगस्टला सुरू केलं तर सप्टेंबरच्या मध्यात पिंजरा भरतो आणि नोव्हेंबरच्या मध्यात खत हातात येतं, बरोबर पेरणीला.

एक अडचण : सुका पाला फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गळतो, आणि सुरुवात ऑगस्टमध्ये आहे. पहिल्या वर्षी कोकोपीट, लाकडाचा भुसा (रंग किंवा प्लायचा नको) आणि फाडलेले पुठ्ठे वापरा. पुढच्या वर्षासाठी फेब्रुवारीपासून पाला गोणीत भरून ठेवा. सफाईवाल्या मावशींना सांगितलं तर त्याच बाजूला काढून ठेवतात. फक्त जाळू नका म्हणावं.

वासावरून निदान करा. नाकाला झोंबणारा वास म्हणजे सुका कमी. सडक्या अंड्यासारखा म्हणजे हवा नाही आणि पाणी जास्त. करड्या-तपकिरी जाड अळ्या दिसल्या की घरोघरी ओरड होते. त्या बहुधा काळ्या सोल्जर माशीच्या असतात, खत लवकर करतात, चावत नाहीत. वर सुका थर जाड करा. शिजवलेलं अन्न, मासे, तेलकट आमटी पहिल्या वर्षी घेऊच नका.

## टप्पा ६ : कॅरेट भरणं

२४ कॅरेटला एकूण सुमारे ९४० लिटर मिश्रण लागतं : ३७५ लिटर खत, ३७५ लिटर भिजलेलं कोकोपीट, १९० लिटर चाळलेली माती. पाच किलोची कोकोपीटची वीट २५ लिटर पाण्यात फुगून ७० लिटरच्या आसपास होते, म्हणजे सहा विटा आणा.

१. कोकोपीट दोनदा धुऊन पिळा. हे वगळलं जातं आणि मग रोपं दोन पानांवर अडतात, कारण त्यात मीठ असतं.
२. कॅरेटला आतून हिरवी शेडनेट लावा. गोणपाट एका पावसात कुजतो.
३. प्रत्येक कॅरेटखाली दोन टोकांना दोन विटा आडव्या. खालून पाणी वाहायला आणि झाडायला जागा राहते.
४. मिश्रण ताडपत्रीवर एकत्र करा, प्रत्येक कॅरेटला एक ओंजळ निंबोळी पेंड घाला.
५. आठ इंच भरा, पाणी द्या आणि चार दिवस तसंच सोडा. ते बसेल, मग वर भरा.

तपासा : मूठभर मिश्रण घट्ट दाबा. दोन-चार थेंब पाणी सुटलं आणि गोळा बोटाने फुटला तर ठीक. धार लागली तर जास्त ओलं, गोळाच झाला नाही तर कोरडं.

## टप्पा ७ : पेरणी

२० नोव्हेंबरच्या सुमारास : १० कॅरेट पालेभाजी, ६ टोमॅटो, ४ वांगी, २ मिरची, २ मुळा.

पालेभाजीची दहाही कॅरेट एकाच दिवशी पेरणं ही सर्रास होणारी चूक. मग महिन्याने मेथीचा ढीग होतो आणि पुढे काहीच नसतं. दर आठवड्याला दोन कॅरेट पेरा. मेथी २५ ते ३० दिवसांत काढायला येते, मुळ्याला ४० ते ४५ लागतात. धणे चोळून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. अख्खे पेरले की दहा-बारा दिवसांनी मुलं ‘उगवलंच नाही’ म्हणून उकरतात. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, त्याहून नाही.

टोमॅटो-वांग्याची महिन्याभराची रोपं नर्सरीतून आणा, कॅरेटला दोन. संध्याकाळी लावा. टोमॅटोला काठी लावतानाच रोवा, नंतर रोवली की मुळं तुटतात. फळ फेब्रुवारीत.

## टप्पा ८ : रोजची पाळी

गच्चीच्या दारामागे एक तक्ता टांगा : वार, रहिवासी, विद्यार्थी. रोजचं पाणी रहिवाशाकडे, शनिवारचं मोठं काम (खुरपणी, खत, कीड) विद्यार्थ्यांकडे. उलटं केलं तर परीक्षेच्या पंधरवड्यात सगळं वाळतं. एन.एस.एस.चे वर्षाला १२० तास भरायचे असतात. ते तास या तक्त्यावरच्या सह्यांवरून मोजा, उद्घाटनाच्या दिवसावरून नव्हे.

पाणी सकाळी नऊच्या आत. आधी बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. दर पंधरा दिवसांनी कॅरेटला दोन मुठी खत. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे काही थेंब, संध्याकाळी. जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं खत) गच्चीवर करू नका. शेतात ते उत्तम, इथे तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून फोन येतो.

वाटणीचा नियम पेरणीआधी ठरवा. पाणी घालणाऱ्याला आधी, कचरा देणाऱ्या घरांना पाळीने, वॉचमन आणि सफाई कामगारांचा वाटा पक्का. एक जुडी कोणाला गेली यावरून मोडलेल्या बागा किडीने मेलेल्या बागांपेक्षा जास्त असाव्यात.

## टप्पा ९ : मार्चमध्ये हातात देणं, मेमध्ये जगवणं

शेवटच्या सत्राची परीक्षा लागण्याआधी, १५ मार्चच्या आत, किल्ली, तक्ता, अवजारं, पिंजऱ्यांच्या तारखा आणि उरलेलं बी रहिवाशांच्या गटाकडे लेखी द्या. पुढच्या वर्षीचे दोन विद्यार्थी त्या दिवशी हजर हवेत, नाहीतर जुलैत नवी तुकडी पुन्हा पहिल्यापासून माती आणते.

एप्रिलच्या मध्यात २४ पैकी १६ कॅरेट मुद्दाम बंद करा : पीक उपटा, वर चार इंच पाला, त्यावर ओली गोणी. उरलेल्या आठांत माठ आणि अंबाडी, वर दुपारपुरती ५० टक्क्यांची शेडनेट. आठ कॅरेटला रोज १६ लिटर, म्हणजे एका बादलीचं काम, आणि मे महिन्यात इथे असलेल्या दोन घरांना ते जमतं.

मेच्या शेवटी बंद कॅरेट उघडा आणि त्यांतल्या चारांत हळदीचे कोंभ आलेले कंद लावा, कॅरेटला दोन, दोन इंच खोल. चारांत अळू. जूनच्या पावसाआधी शेडनेट उतरवा, कठड्याला टेकलेली प्रत्येक काठी सुतळीने बांधा आणि पावसाळी पाइपांच्या जाळ्या हाताने साफ करा. जमिनीवरच्या पट्ट्यात पाणी साचत असेल तर गमबूट आणि हातमोज्यांशिवाय कोणालाही उतरू देऊ नका, लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाचा) धोका असतो. हळद जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी पडून लोळली की काढायची, आधी उकरून बघायची नाही.